घरभरणीची साक्ष

विम्याची केस लढायची तर आधी तब्येत धड पाहिजे, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगतो. कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नसतं.

मी बांधकामाचा छोटा कंत्राटदार, राहणार डोंबिवली. घोडबंदर रोडला एका काकांच्या जागेवर चार मजली इमारत बांधत होतो. काका तिथलेच, तरुणपणी मिठागरात राबलेले. जुनं घर पाडलेलं, म्हणून ती दोघं नवरा-बायको भाड्याच्या खोलीत राहत होती. काकी फार आजारी. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. काकींना एकच घोर, नव्या घरात आपला पाय लागतो की नाही.

काम संपायला अजून बराच अवकाश होता. काका साइटवर येऊन म्हणाले, "पोरा, खालच्या मजल्याला घरभरणी करू दे. ती थांबायची नाय रं." नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. काकींना खुर्चीत बसवून आत आणलं, पूजा झाली, दूध उतू गेलं. त्या इतक्या हसत होत्या की गवंडीसुद्धा थापी खाली ठेवून बघत राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

पावसाळ्यात मागच्या नाल्याचं पाणी घुसलं. वायरिंग, लिफ्टचं मशीन, सगळ्याची वाट लागली. काम पुरं होईपर्यंतचा विमा होता, म्हणून मी निर्धास्त. कसलं काय! कंपनीचा माणूस पाहणीला आला, त्याने दारावरचं सुकलेलं तोरण बघितलं, वॉचमनला विचारलं, आणि क्लेम नामंजूर. का, तर घरभरणी झाली म्हणजे इमारत वापरात आली, आणि वापरात आली म्हणजे विमा संपला. अरे, नळाला पाणी नव्हतं, खिडक्यांना काचा नव्हत्या! पण सांगणार कोणाला? सगळं नव्याने बसवायला मी राहता फ्लॅट गहाण टाकला आणि केस केली.

मग तारखांवर तारखा. ठाण्याच्या कोर्टातले शिपाईसुद्धा मला ओळखायला लागले. बायको घरात केसचं नाव काढू देईना. शेवटी माझे वकील म्हणाले, "आता सगळं काकांवर आहे. नुसतं घर बघायला आलो होतो म्हणाले, तर जिंकू." काका शेजारीच बसलेले. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले, "तुझं घर जाईल नायतर. सांगतो मी, पूजा नाय झाली."

मला लाज वाटली. पण नको म्हणालो नाही. दमलेलो हो, खरंच दमलेलो.

काकांनी शपथ घेतली. कंपनीच्या वकिलाने फिरवून फिरवून तेच विचारलं. काका खाली बघत दरवेळी एवढंच म्हणाले, "नाय झाली." आमचे वकील खूश.

बाहेर आलो तर काका पायरीवर थांबले, ते हलेचनात. "चला काका, चहा घेऊ," मी म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरा, तू व्हतास ना तिथं? तू तरी सांग. झाली व्हती ना तिची घरभरणी?"

"झाली होती, काका," मी हळूच म्हणालो.

"मोठ्यानं बोल."

कंपनीचा वकील चार पावलांवर चहा पीत उभा होता. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं.

"झाली होती, काका," मी मोठ्याने म्हटलं. "काकी आल्या होत्या घरात."