तार तुटली की लूम थांबवायची

माझा धाकटा भाऊ काळूराम निजामपुऱ्यात लूमचा, म्हंजे कापड विणायच्या यंत्रांचा, मिस्त्री हाय. बिघडलेली लूम नुसती ऐकतो आन् सांगतो, दुखणं कुठं हाय ते. राहतो टेमघरात, माझ्या मागच्याच गल्लीत. गरीब स्वभाव. तोंड चालवायचं काम देवानं मला दिलं, आनंदीबाईला.

त्याची पोरगी मेघाली, तेरा वर्षांची. दिसायला गोड, पण हिला काळीजच न्हाय, असं मी चार बायकांत बोलायची. शाळेत पोरींना ढकलायची, खोटं तर धडधडीत. एक दिवस तिनं माझ्या नातवाचं, सार्थकचं बोट दारात चेमटवलं. मुद्दाम! पोर टाहो फोडत होतं आन् ही बया उभ्या उभ्या वडापाव खात होती. मी दोन सणसणीत ठेवून दिल्या. ती नुसती बघत राहिली. रडणं न्हाय, माफी न्हाय. मलाच घाम फुटला.

भगताकडं नेली. त्यानं मिरच्या जाळल्या, आम्ही खोकून बेजार, ती हसली. मग शाळेतल्या बाईंनी सुचवलं म्हणून काळूराम तिला ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. मीही गेले, सोडते की काय!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं घाबरलेलं तोंड दिसलं की आपल्या मेंदूतला एक भाग चटकन जागा होतो. अशा काही मुलांत तो कमी जागा होतो, असं अभ्यासात दिसलंय."

"मग काढा की डोक्याचा फोटो!"

"एकट्या मुलीच्या फोटोवरून ते सांगता येत नाही, मावशी. पण मारानं ही मुलं फारशी शिकत नाहीत. शाबासकीनं, सरावानं शिकतात. वेळ लागतो."

परत येताना मी रिक्षातच भडकले. "मेंदूचं कसलं कौतुक! गावाला पाठव तिला, हॉस्टेलात टाक. ती घरात हाय तोवर मी तुला ओवाळायला येणार न्हाय."

काळूराम म्हणाला, "ताई, नव्या लूमवर सुताची तार तुटली की लूम आपसूक थांबते. आमच्या जुन्या लूमला कळत न्हाय, ती चालतच राहते, कापड खराब करते. म्हणून भंगारात घालतो का? कारागीर डोळा ठेवतो, हातानं थांबवतो."

"पोरगी म्हंजे लूम हाय का, मेल्या?"

"न्हाय. म्हणून तर भंगारात घालायची न्हाय."

त्या भाऊबीजेला मी गेले न्हाय. जिला भाऊ न्हाय ती बाई चंद्राला ओवाळते. माझा भाऊ मागच्या गल्लीत धडधाकट, आन् मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं.

तिकडचं सगळं भावजय सुकन्या येऊन सांगायची. पोरीनं कुणाला दुखवलं की काळूराम ओरडायचा न्हाय. "थांब, तार तुटली," एवढंच. मग त्या माणसाचं तोंड बघायला लावायचा. ओठ बघ, डोळे बघ, काय झालंय याला? बरोबर ओळखलं की शाब्बास, आन् स्कूटरवरून खाडीपर्यंत चक्कर. पंचवीसदा चुकायची. तो पुन्हा सांगायचा. "नाटकं सगळी," मी म्हणायची.

दुसऱ्या वर्षी भाऊबीजेला मी पुन्हा चंद्रासाठी ताट लावत होते, तर दारात मेघाली. तोंडावर काही न्हाय. पाढा म्हणावा तशी म्हणाली, "आत्ये, बाबा पाटावर बसलेत. कधीचे. त्यांचा खालचा ओठ थरथरतोय, डोळे लाल हायेत. म्हंजे लागलंय. मला आतून कळत न्हाय, बघून कळतं. तार तुटलीय, आत्ये. तू थांबव."

मी निरांजन ताटात ठेवलं. हिच्या डोक्यातला तो भाग निजलेला, पण माझ्या डोक्यातला तर टक्क जागा होता ना? तरी इतके दिवस मला भावाचं तोंड दिसलं न्हाय. लाज वाटली, खरंच सांगते.

ताट घेऊन मी तिच्या मागं निघाले. घराशी पोचल्यावर ती पुढं झाली आन् दोन्ही हातांनी दार उघडं धरून उभी राहिली.

"आत्ये," म्हणाली, "बोटं सांभाळ."