साठ वाढवा, साठ कमी करा

आमच्या टीममधल्या उरक्याला कुणी आपलं वाक्य शेवटपर्यंत ऐकवलं असेल, तर त्या माणसाचे पाय धरायला मी तयार आहे. तुम्ही 'उद्या जरा' म्हणेपर्यंत तो 'सुट्टी हवीय ना? घे' म्हणून मोकळा. बरं, बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघतो, हीच खरी पंचाईत. सारखा तोंडावर आपटला असता, तर कधीच सुधारला असता.

कामही त्याला स्वभावाला साजेसंच मिळालं. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो प्रोग्राम असतो, तो कंपायलर. आम्ही तो बनवतो. त्यात उरक्याचा वाटा असा, की जे गणित आधीच करता येतं ते आधीच उरकून टाकायचं. कुठे 'तीन अधिक चार' दिसलं की तिथे सरळ सात लिहायचे. यंत्राला पुन्हा पुन्हा तीच बेरीज करायला कशाला लावायची? मी शेजारच्या टेबलावर बसून त्याचं काम तपासते. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते, म्हणून तिथे त्याची कुणाला कदर नाही.

तर त्या वेळी आमच्याकडे एका श्रवणयंत्राचं काम आलं होतं. त्याच्या प्रोग्राममध्ये उरक्याला दोन ओळी सापडल्या. आवाजाच्या पातळीत साठ वाढवा. लगेच खाली, साठ कमी करा. तो खो खो हसला.

"कोणत्या दिवट्यानं लिहिलंय हे? चढायचं, उतरायचं आणि मुक्काम तिथेच!"

त्यानं कंपायलरला नियमच शिकवला, की अशी जोडी दिसली की दोन्ही ओळी उडवायच्या. तेवढीच बॅटरी वाचेल म्हणून साहेबही खूश झाले.

चाचणीसाठी ऐकू कमी येणारी माणसं हवी होती. उरक्यानं आपल्या आईला आणलं. काकूंनी याआधीची दोन यंत्रं कपाटात टाकून दिली होती. आल्या आल्या त्यांनी बजावलं, "हे शेवटचं. यानं त्रास दिला तर मला माझी शांतता पुरे." उरक्याचा चेहरा उतरला. लेकाची हाक ऐकू न आल्यामुळे काकू रस्त्यात दोनदा गाडीखाली येता येता वाचल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याला सतत तीच धास्ती होती.

खोलीत मी बारीक आवाजात बोलले, त्यांना नीट ऐकू आलं. पंख्याची घरघर ऐकू आली. मग चाचणीचा पुढचा भाग म्हणून मी स्टीलच्या ताटावर पळी हाणली. काकू खुर्चीतून उडाल्याच. यंत्र काढून त्यांनी टेबलावर आपटलं.

"माझ्या कानाखाली वाजवली की काय कुणी? चल रे घरी!"

त्यांना चहा देऊन कसंबसं थांबवलं. मी तोच प्रोग्राम उरक्याची करामत बंद करून पुन्हा तपासला. मोठा आवाज आपोआप आवरला जात होता. करामत चालू केली की मोकाट. मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

"तुझ्या त्या दोन ओळी," मी म्हटलं.

"त्यांचा काय संबंध? पहिलीतल्या पोराला विचार. साठ वाढवून साठ काढले की फरक शून्य."

"पातळी अडीचशे आहे. साठ वाढव."

"तीनशे दहा."

"या चिपवर पातळी जास्तीत जास्त किती होते?"

"दोनशे पंचावन्न. त्यापुढे आकडा जातच नाही, तिथेच..." उरक्याचं स्वतःचंच वाक्य अर्धं राहिलं.

"भरत आलेल्या बादलीत दोन तांबे ओतलेस, पाणी सांडलं. मग दोन तांबे काढलेस. बादली पहिल्याइतकी भरलेली राहील का?"

"दोनशे पंचावन्नातून साठ गेले, एकशे पंच्याण्णव," तो पुटपुटला. "आणि शंभरचे शंभरच राहतात. म्हणजे हळू आवाजाला धक्का नाही, मोठ्यालाच लगाम. मी आईच्या कानाचा पहारेकरी हाकलून दिला गं."

नियम दुरुस्त करायला त्याला वेळ लागला नाही. बेरीज कमाल मर्यादेला टेकण्याची शक्यता असेल, तर त्या ओळींना हात लावायचा नाही, एवढंच. पण काकू यंत्राकडे बघायलाही तयार नव्हत्या. तो हातापाया पडला. शेवटी मी म्हटलं, "काकू, आधी याच्या कानात घालू."

उरक्याच्या कानात यंत्र घालून मी ताट बडवलं. चाचणीला एक फटका पुरतो. मी बरेच मारले. माझी कित्येक अर्धी वाक्यं त्या ताटावर वसूल केली. तो जागचा हलला नाही. काकू हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

त्यांच्या कानात यंत्र बसलं. मी पळी मारली. काकूंची पापणीही लवली नाही.

"हे बरंय," त्या म्हणाल्या. "अरे, मी काय म्हणत होते, परवा ती..."

"हो, परवा नेतो तुला."

काकू थांबल्या. "कुठे नेतोस?"

"तू म्हणणार होतीस तिथेच."

"मी अजून म्हटलंच कुठे?" त्या माझ्याकडे वळल्या. "हा नेहमी असाच मध्ये बोलतो?"

अशी संधी मी सोडणाऱ्यातली नाही. "नेहमी, काकू."

काकू त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मी बोलताना याचे ओठ हलायचे. मला वाटायचं, हा हो-हो म्हणतोय. इतकी वर्षं मी शेजारीपाजारी सांगत आले, माझा मुलगा माझं सगळं ऐकून घेतो."

मला हसू आलं नाही. उरक्याचं तोंड तर पार पडलं. तेवढ्यात काकूंचा हात कानाकडे गेला.

"आई, काढू नकोस ना."

"काढत नाही, नीट बसवतेय," काकू म्हणाल्या. "खुर्ची घे. आता सगळं पहिल्यापासून सांगते."

तो समोर बसला. त्या सावकाश बोलत होत्या. मध्येच दोन-तीनदा त्याचं तोंड उघडलं, आणि दर वेळी त्यानं ते मिटून घेतलं.