पाच गुन्ह्यांची अट

नगरपालिकेत त्यांना सगळे आराखडेसाहेब म्हणत. तरुणांनी गुन्हेगारीकडे वळू नये म्हणून आखायचा आराखडा अकरा वर्षं त्यांच्याकडे होता. दरवर्षी ते जुन्या आराखड्यावरचं साल बदलत, आणि एवढ्या श्रमानंही त्यांची कंबर धरत असे.

यंदा गॅरेजवाल्या मावशी त्यांच्यासमोर येऊन बसल्या. पालिकेच्या पडीक पंपघरात त्या वस्तीतल्या उनाड पोरांना गाड्या दुरुस्त करायला शिकवत. खोलीची मुदत संपत आली होती, ती वाढवून हवी होती.

साहेबांनी तक्ता उघडला. "वस्तीत गेल्या वर्षी चोऱ्या किती?"

"एकही नाही. पोरं कामाला लागली ना."

"मग तुम्ही योजनेत बसत नाही हो. निदान पाच गुन्हे लागतात."

"चौघांना धाडते चोरीला. पाचवी मी करते."

साहेबांनी टेबलावरचं पेन हळूच खिशात टाकलं.

शेवटी पंपघर पालिकेनं परत घेतलं, 'तरुणांनो, वाईट मार्गाला लागू नका' अशी पत्रकं ठेवायला. कुलूप लावायला साहेब जातीनं आले. लावून निघाले, तर त्यांची स्कूटर चालू होईना. मावशींच्या एका पोरानं पाने काढले, प्लग पुसला आणि दोन मिनिटांत ती सुरू करून दिली. साहेबांनी आभार मानले नाहीत. वही काढून तिथेच लिहिलं: तरुणांशी थेट संपर्क, एक.

मावशी कुलपाकडे बघत म्हणाल्या, "दुसऱ्याकडून ब्रेकही बघून घ्या, साहेब. दोन होतील."

साहेबांनी खरंच स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.