सुंदरबाईच्या पायाची जखम

कोंढा गावाच्या आसपास लग्न ठरलं की पत्रिकेआधी सुंदरबाईला निरोप जायचा. लांब पोळ्या कराव्यात तर तिनंच. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत ती कोपरापर्यंत लांबवायची आणि पालथ्या मडक्यावर अलगद टाकायची. पोळी इतकी पातळ की खालचं मडकं दिसावं. पाचशे माणसांचं जेवण असलं तर चुलीपुढं सात-आठ तास उभं राहावं लागे. आषाढात रोवणा लागला की मग चिखलात वाकून दिवसभर धानाची रोपं लावायची. बसणं म्हणून तिच्या पायांना माहीतच नव्हतं.

चाळिशी ओलांडली तेव्हा डाव्या पोटरीवर निळ्या नसा वर आल्या, गांडुळासारख्या वेड्यावाकड्या. संध्याकाळी पाय जड व्हायचा, घोटा सुजायचा. "कामाचा पाय हाये, दुखनच," म्हणून ती गप्प बसे. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, खाजू लागली, आणि सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिथं चुलीच्या लाकडाचा ओरखडा लागला. एवढासा ओरखडा. पण तो भरेना. हळद झाली, लिंबाचा पाला झाला, मांत्रिकाची राख झाली. दिवाळीपर्यंत रुपयाएवढी जखम तळहाताएवढी झाली आणि तिच्यातून सतत पाणी झिरपू लागलं.

काळी कातडी आणि न भरणारी जखम. गावात त्याचा एकच अर्थ लावत, महारोग. तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण मार्गशीर्षातल्या एका लग्नात ती कणिक मळायला बसली, तर घरधनीण हलकेच जवळ आली. "माय, तू आज बस. पोळ्यासाठी पवनीहून बाई बलावली हाये." सुंदरबाईनं हात धुतले, पदर सावरला आणि ती जेवायला न थांबता शेताच्या वाटेनं घरी आली.

त्या दिवसापासून तिनं आपली ताटली वेगळी केली. गोठ्याच्या कडेला चटई टाकली. नवरा गोमाजी म्हणाला, "काहून असं करून राहिली?" ती म्हणाली, "तुमाले झाला म्हंजे?" त्यानं ताटली उचलून आत आणली, तिनं पुन्हा बाहेर नेली. महारोगाची तपासणी करणारे पुंडलिकराव सायकलवरून गावोगाव फिरायचे. त्यांची सायकल वेशीत दिसली की सुंदरबाई विळा घेऊन शेतात निघून जायची. नाव एकदा वहीत चढलं की संपलं, असं तिला वाटे.

माघात लेक पंचफुला बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी पंचफुलानं पोर आईपुढं धरलं, तर सुंदरबाई दोन पावलं मागं सरकली.

"माय, घे ना वं."

"राहू दे. माहे हात ओले हायेत."

हात कोरडे होते. पंचफुलानं ते पाहिलं. ती पोराला छातीशी घेऊन आत गेली. सुंदरबाई उंबऱ्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव शाळेच्या पडवीत बसलेत असं कळलं, तेव्हा तिनं विळा उचलला नाही. ती सरळ शाळेकडं गेली.

"साहेब, माहं नाव लिवा," ती म्हणाली. "पन पोरीले आन् नातीले झाला का, ते आदी पाहा."

पुंडलिकराव लिहायला बसले नाहीत. त्यांनी तिला बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाच्या वातीनं जखमेभोवती, पायावर, बोटांवर स्पर्श केला. "लागलं की बोट ठेवून दाखवा." दर वेळी तिचं बोट नेमकं त्या जागी गेलं. त्यांनी कोपरामागची, गुडघ्याबाहेरची शीर जाड झाली आहे का ते चाचपलं, अंगावर कुठं चट्टा आहे का पाहिलं. मग म्हणाले, "आता उभ्या राहा." ती उभी राहताच पोटरीवरच्या नसा भरून टरारल्या.

"मावशी, किती दिवसांपासून पळून राहिल्या मले पाहून?"

तिनं लुगडं घोट्यापर्यंत खाली ओढलं.

"महारोगात जखमेजवळ बधिर होते. तुमाले तं कापूस बी समजते. हा तो रोग दिसत नाई. नसाइचं दुखनं हाये. पायातलं रक्त वर चढाले नसाइत झडपा असतात. उभं राहून राहून त्या सैल झाल्या. चढलेलं रक्त उलटं खाली येते आन् घोट्याशी तुंबते, म्हनून जखम भरत नाई. पवनीच्या दवाखान्यात दाखवा, डॉक्टर पक्कं सांगतीन."

"म्हंजे नातीले घेऊ?"

"काहून नाई घ्यायची?"

सुंदरबाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पुंडलिकरावांनी तिला रडू दिलं. मग ते म्हणाले, "आन् महारोग असता तरी गोळ्या हायेत, मावशी. पळायचं काम नव्हतं."

पवनीच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. रोज सकाळी खाटेवरून उतरण्याआधी पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट लवचिक पट्टी बांधायची, बसलं की पाय उंचावर, आणि खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा. पट्टी बांधायचं गोमाजीनं शिकून घेतलं. पहिल्या आठवड्यात ती सैल पडायची, दुसऱ्यात जमली. रोवण्याच्या आधी जखम बंद झाली. त्या साली तिनं रोवणा केला नाही, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून रोपांच्या पेंढ्या बांधल्या. हिवाळ्यात नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. "नस काढली तं रक्त कोठून जाईन?" असं तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. आतल्या नसा चांगल्या आहेत, त्या काम सांभाळतील, असं उत्तर मिळालं, आणि तसंच झालं.

पुढच्या उन्हाळ्यात पहिलं बोलावणं आलं ते त्याच घरधनिणीचं, धाकट्या पोराच्या लग्नासाठी. ती मान खाली घालून उभी होती. सुंदरबाई म्हणाली, "येतो ना. पन मले उंच पाट लागन. बसून करीन, मधामधात उठून चालन."

पंच्याऐंशीत गल्लीतल्या शेवंताबाईच्या पाठीवर फिकट चट्टा उठला, तिथं चिमटा काढला तरी कळेना. तिच्या सुनेनं बोलणं सोडलं, शेजारणी पाणी भरायला वेगळ्या वेळी येऊ लागल्या. सुंदरबाई तिच्या घरी गेली, तिच्याच हातचा चहा प्यायली आणि कप खाली ठेवून म्हणाली, "लुगडं बदल. पुंडलिकराव आज शाळेत बसले हायेत. मी येतो तुह्यासंगं."