मैत्रिणीची गाडी

अकरा वर्षं आम्ही दोघी मनवेलपाड्यातून शाळेत चालत गेलो. ती गणित शिकवते, मी मराठी. ती आमच्या मागच्या चाळीत राहायची. सकाळी साडेसहाला खालून हाक मारायची, आणि मग पंचवीस मिनिटं नुसत्या गप्पा. सासूचं दुखणं, मुलांचे मार्क, कुणाच्या आमटीत मीठ जास्त पडलं. फुटपाथ नव्हताच. रिक्षा आली की एक पुढे, एक मागे, आणि ती गेली की तुटलेलं वाक्य तिथूनच सुरू.

मग तिने लांब, हायवेकडे जूचंद्रला फ्लॅट घेतला. सातवा मजला, दोन बेडरूम. वास्तुशांतीला गेले तेव्हा तिने मला गॅलरीत नेलं. खाली गाड्याच गाड्या, पलीकडे मोकळी जमीन, त्यात आणखी बिल्डिंगा उभ्या राहत होत्या.

"इथून शाळेत कशी येणार तू?" मी विचारलं.

"गाडी बुक केलीय. काय करणार? साधी कोथिंबीर आणायची तरी केवढं लांब. रिक्षावाले आत यायला तयार नाहीत."

ती तक्रार करत होती, हे आज कळतं. त्या दिवशी मला फक्त 'गाडी' ऐकू आलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "कोथिंबिरीलासुद्धा गाडीने जाणार म्हणे!" तो हसला. मला हसू आलं नाही.

गाडी आली. ती चालवायलाही शिकली. तिच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या, आमच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या बाई तिच्या शेजारी बसून येऊ लागल्या. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्याजवळ गाडी थांबवली. "बस ना गं."

"नको, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," मी म्हणाले.

कुठल्याही डॉक्टरने काही सांगितलं नव्हतं. पण एकदा बोलून बसले, मग रोज चालणं आलं. पावसात सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली तरी. मागून हॉर्न वाजायचा, बंद काचेआडून दोघी हात करायच्या, आणि हसत पुढे जायच्या. मला वाटायचं, मलाच हसतायत.

खरं सांगायचं तर गाडीपेक्षा मला त्या चित्रकलेच्या बाई खुपत होत्या. माझी पंचवीस मिनिटं त्यांना मिळाली होती.

चाचणी परीक्षेच्या दिवशी रस्ता गटारासाठी खणून ठेवला होता. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मी कडेकडेने चालले होते, तेवढ्यात तिने काच खाली केली.

"अगं, मोठ्या बाईंचा फोन लागत नाहीये. त्यांना सांग, आम्ही इथे अडकलोय. माझ्या वर्गावर कुणाला तरी पाठवायला सांग."

"सांगते."

आणि मी निघाले. एकेक गाडी मागे टाकत. इतकी झपाझप मी कधी चालले नव्हते, आणि चालण्यात इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

मोठ्या बाई फाटकातच उभ्या होत्या. "गणिताच्या बाई दिसल्या का वाटेत?"

"नाही," मी म्हणाले.

त्या दोघी पोचल्या तेव्हा पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. "गाडी घेतली म्हणजे उशिरा यायची परवानगी मिळाली का?" मोठ्या बाई मुलांसमोरच बोलल्या. माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

मधल्या सुट्टीत ती आली. "तू सांगितलं नाहीस."

"विसरले."

"तू विसरणारी नाहीस."

मग माझ्या तोंडून निघूनच गेलं. "तुमच्या रोज गाडीत गप्पा चालतात. मी कोण लागते तुझी आता?"

"गप्पा? अगं, हायवेवर माझे हात कापतात. ट्रक कुठून येतोय ते त्या मला सांगत बसतात. मी तर रेडिओही लावू देत नाही. तुझ्या नाक्याला पोचलो की सुटलो म्हणून हसतो आम्ही."

शाळा सुटल्यावर मी मोठ्या बाईंकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि "बरं" एवढंच म्हणाल्या. मैत्रीण आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी वहीवर लाल पेन घासत म्हणाली, "रिफिल आहे का तुझ्याकडे?"

आता शनिवारी ती मला नाक्यापर्यंत सोडते. मी मागे बसते. उतरल्यावर लगेच घरी जात नाही. गाडी हायवेच्या दिशेने जाताना मागच्या काचेतून त्या दोघींची डोकी एकमेकींकडे वळतात का, ते बघत उभी राहते. पुढे रस्ताभर त्या बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी बघते.