दोन काकांची एक ऑपरेटिंग सिस्टीम

गेल्या वर्षी एका भांडणात मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. तिथून मी हसून हसून दुखणारं पोट धरून परतले.

भांडण दोन काकांचं. तरुणपणी दोघांनी घाटकोपरच्या एका खोलीत बसून कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. पुढे भागीदारी मोडली, बोलणंही तुटलं. आता एका संग्रहालयाने ती सिस्टीम मागितली, तेव्हा दोघेही म्हणाले, "ती माझी." कोर्टाने प्रकरण अंधेरीतल्या मध्यस्थबाईंकडे पाठवलं आणि कुठला भाग कोणी लिहिला हे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

जुनं मशीन टेबलावर. काका दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'थांब रे, उठतोय!'

मला फिस्सकन हसू फुटलं.

"ह्या माझा," मालवणकडचे काका गर्रकन वळले.

"तुझं? तू तेव्हा झोपा काढायचास. तुझ्यावरूनच लिहिलं मी!" दुसरे म्हणाले.

तेवढ्यात मशीन बंद पडलं. दोघांची बोटं एकदमच एकमेकांकडे गेली. "ही चूक याची!"

"म्हणजे गुण स्वतःचे आणि चुका समोरच्याच्या?" मध्यस्थबाईंनी विचारलं. ऐकायला होतं कोण! दोघे कीबोर्डवर तुटून पडले होते.

"अरे मेल्या, ती नको, बाजूची दाब!"

"माहितीये रे, मीच लिहिलंय ना!"

मशीन पुन्हा सुरू झालं. "झकास!" म्हणत दोघांनी टाळी दिली आणि मग चोरी पकडल्यासारखे हात मागे घेतले.

मी खरं ते सांगितलं, की यातलं काही वेगळं करता येणार नाही. एकाने ओळ लिहायची आणि दुसऱ्याने ती खोडून सुधारायची, असंच सगळं होतं.

"मी ह्याच्या नावावर होऊ देणार नाय," मालवणचे काका म्हणाले.

"आणि तुझ्या नावावर मी."

"मग कोणाच्याच नको!"

"चालेल. सगळ्यांना फुकट देऊन टाकू."

बाईंनी लगेच समझोता लिहायला घेतला. आता त्या कागदावर आधी नाव कोणाचं, यावर वाद पेटला. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मालवणचे काका हरले आणि म्हणाले, "परत टाक!"

आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये मी एकटीच खिदळत बसले होते. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय झालं गं?" मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांचा स्टॉप मागे गेला.