तांबोळी सरांचा सर्वांत गाजलेला पेपर

आमच्या संस्थेत ज्याचा पेपर छापून येई त्याने चहाच्या वेळी पेढे वाटायचे, असा रिवाज होता. बाकीचे पेढा तोंडात टाकून अभिनंदन करत आणि क्रिकेटकडे वळत. डॉ. हसन तांबोळी मात्र पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवत, ग्रंथालयात येऊन तो पेपर मागून घेत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि पटला तरच पेढा खात. पटला नाही, तर पेढा दुसऱ्या दिवशी लेखकाच्या टेबलावर परत. लेखक आठवडाभर फुरंगटून बसे. पण सरांकडून पेढा परत आला नाही म्हणजे काम चोख, हे तोही मनातून मानत असे.

"अहो, पेढा खाल्ला म्हणजे साक्ष दिली," ते म्हणत. "न बघितलेल्या गोष्टीची साक्ष मी देत नाही."

मी त्या ग्रंथालयात नोकरीला आहे आणि ते माझे सर्वांत त्रासदायक वाचक होते. इतर शास्त्रज्ञ पुस्तक नेत आणि विसरून जात; हे वाचत. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. अंगात बाह्यांवर आम्लाची भोकं पडलेला शर्ट, बोलणं एखाद्या सदाशिव पेठेतल्या निवृत्त मास्तरासारखं मोजकं आणि चिमटे काढणारं. प्रत्यक्षात घर भवानी पेठेत, वडील-आजोबा विड्याच्या पानांचे व्यापारी. पाण्याचं रसायनशास्त्र हा त्यांचा विषय, पण उपमा सगळ्या पानाच्या दुकानातल्या. "आमच्याकडे पानं मोजताना सडकं पानही एकच धरतात, कदमबाई. उलटून बघायचं काम गिऱ्हाइकाचं," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ लागणं केव्हाच थांबलं होतं.

नव्वदचं दशक अर्धं सरलं आणि वारं फिरलं. आमची चांगली पोरं प्रयोगशाळा सोडून हडपसरकडच्या संगणक कंपन्यांत जाऊ लागली. वरून विचारणा होऊ लागली, की पगार देतो, त्याचं तुम्ही करता काय ते दाखवा. ते दाखवायला नवे संचालक आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना न मोजता येणारी गोष्ट दिसतच नसे. प्रत्येकाने वर्षात किती पेपर लिहिले, बाहेरच्या किती संस्थांबरोबर लिहिले, आणि त्या पेपरांचा आधार इतरांनी आपल्या पेपरांत किती वेळा घेतला, याची मोजणी सुरू झाली. या शेवटच्या आकड्याला फार मान. मोजायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. आधी जाडजूड सूचीग्रंथ, मग सीडी, मग इंटरनेट. दर तिमाहीला मी आकडे द्यायचे आणि ते दाराजवळच्या फलकावर लागायचे.

मग पेढ्यांना ऊत आला. एका कामाचे तीन पेपर होऊ लागले आणि एका पेपरावर सहा नावं. ज्यांनी ते पाणी कधी पाहिलंही नव्हतं त्यांची नावं पाण्याच्या पेपरावर दिसू लागली. एका तरुणाने आपल्या पेपरावर सरांचंही नाव आदराने घातलं, तर सरांनी ते स्वतःच्या पेनने खोडलं. "लग्नपत्रिका आहे का ही, सगळे काका-मामा छापायला?" वाचून होईनात तेव्हा त्यांनी पेढे घेणंच बंद केलं. चहाच्या वेळी ते खोलीतच बसू लागले. मला ते बरं वाटलं नाही, पण त्यांना समजवायला जाणार कोण?

गंमत अशी, की फलकावर पहिलं नाव त्यांचंच होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी विहिरीच्या पाण्यातला फ्लोराइड मोजायची एक स्वस्त पद्धत काढली होती. फ्लोराइड जास्त असला की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग येतात आणि पुढे हाडं धरतात, माणसं वाकतात. जवळच्याच लोणी काळभोरच्या विहिरींवर त्यांनी ती पद्धत बसवली. लांबच्या गावांसाठी सोयीची एक ओळही लिहिली, की पाण्यात थोडं आम्ल घालून ते काचेच्या बाटलीत पंधरा दिवस ठेवलं तरी चालतं. आम्लाची सवय त्यांना पाण्यातले धातू तपासण्यातून लागलेली; तिथे नमुना टिकावा म्हणून ते घालतात. काचेच्या जुन्या बाटल्या संस्थेत ढिगाने होत्या आणि प्लॅस्टिकच्या मागितल्या तर भांडारात शंभर प्रश्न विचारत. गरीब कॉलेजांना, जिल्ह्याच्या प्रयोगशाळांना ही पद्धत फार आवडली. देशभर तिचा आधार घेतला गेला.

संचालकांनी भरसभेत त्यांचा आकडा वाचला. सर दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात आले. "आकडा ऐकला. आता ते पेपर आणून द्या." मला आधी कळेना. तेव्हा म्हणाले, ज्यांनी माझ्या नावाने साक्ष काढली आहे त्यांनी काय म्हटलंय ते वाचायला नको का? आजवर इतक्या लोकांचे आकडे मी काढले, त्यामागचे पेपर मागणारा हा एकच माणूस. मी कुठून कुठून प्रती मागवल्या. ते रोज दुपारी वाचत बसत.

एका पावसाळ्यात त्यांचं पान उलटणं थांबलं. मी जवळ गेले तर त्यांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं. दूरच्या एका जिल्ह्यातल्या प्राध्यापकाने लिहिलं होतं, की तांबोळी पद्धतीने गावाचं पाणी उत्तम ठरलं. शाळेतल्या मुलांच्या दातांवर डाग आहेत, पण ते बहुधा खाण्यातल्या दुसऱ्या कशामुळे असावेत. सरांनी त्याच्याखालून दुसरा पेपर काढला. दुसरा जिल्हा, तेच वाक्य. मग तिसरा. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मला त्या भरदुपारी भीती वाटली, आणि कशाची ते मला कळत नव्हतं.

पुढचा महिना ते प्रयोगशाळेत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आम्ल घातलं की फ्लोराइड काचेला खातो आणि स्वतःही संपत जातो. पंधरा दिवसांनी मोजलं तर पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

"मग तेव्हा कसं नाही कळलं, सर?"

"लोणीच्या पाण्यात मुळातच तो कमी. थोड्यातलं थोडं गेलं, तर दिसणार कुठून? वाईट पाणी नेऊन एकदा बघायला हवं होतं. घराजवळच्या विहिरीवर भागवलं." मग म्हणाले, "बाई, तुमच्या फलकावरचा माझा एकेक आकडा म्हणजे एकेक गाव आहे."

पेपर मागे घ्यायचा, असं त्यांनी संचालकांना सांगितलं. मी तेव्हा आकड्यांची फाइल घेऊन समोरच बसले होते. मोठ्या अनुदानासाठी समिती यायची होती, पाण्याचं नवं केंद्र मिळायचं होतं आणि ते सगळं या एका पेपरावर उभं होतं. संचालक आवाज न चढवता बोलले. म्हणाले, समिती येऊन जाऊ द्या, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, मग काय हवं ते करा. केंद्र मिळालं की हीच चूक आपण नीट दुरुस्त करू.

"चार-सहा महिने मी थांबेन हो," सर म्हणाले. "तहान थांबेल का?"

त्यांनी त्याच आठवड्यात पेपर मागे घेतल्याची सूचना नियतकालिकाला पाठवली. यथावकाश ती छापून आली, शेवटच्या पानावर, चार ओळींची. संचालकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पण घाबरायचं त्यांना काही कारणच नव्हतं, कारण मोजणीच्या यंत्राने त्या सूचनेलाही एक पेपर धरलं, आणि तिच्यात जुन्या पेपराचा उल्लेख होता म्हणून सरांच्या नावावर आणखी एक संदर्भ जमा केला. चुकीची कबुलीही त्यांच्या खात्यात जमेलाच गेली. समिती आली, फलक पाहून खूश झाली, केंद्र मंजूर झालं. सडक्या पानाची गोष्ट मला तेव्हा कळली.

आणि आकडा वाढतच राहिला. शेवटच्या पानावरच्या चार ओळी कोण वाचतो? लोक एकमेकांच्या पेपरांतून सरांचं नाव उचलत होते, मूळ पेपर उघडतही नव्हते. सर निवृत्त झाले ते प्लॅस्टिकचे कॅन आणि एक पिशवी घेऊन एसटीने फिरू लागले. ज्या कॉलेजांनी पद्धत वापरली होती तिथे जायचं, पुन्हा पाणी मोजायचं. काही ठिकाणी त्यांचं ऐकलं. काही ठिकाणी तांबोळी पद्धतीवर शंका घेणारा हा म्हातारा कोण, म्हणून फाटकातून परत पाठवलं. ते हे हसत सांगत, पण दर खेपेला आणखी वाळून येत.

शेवटी मी त्यांना भेटले ती इस्पितळात. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, बाहेर डॉक्टरांशी बोलत होत्या. सरांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "किती झाले?" खोटं बोलले असते तर त्यांनी ओळखलं असतं. मी वाढलेला आकडा सांगितला.

"म्हणजे अजून कुणी वाचलं नाही," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

चार दिवसांनी ते गेले. शोकसभेत संचालकांनी त्यांचा आकडा दोनदा वाचला आणि लोकांनी, शोकसभा विसरून, टाळ्या वाजवल्या. भाभींनी माझा हात धरला होता. मला उठून ओरडावंसं वाटत होतं आणि मी बसून राहिले.

परवा ग्रंथालयात फोन आला. लांबच्या एका तालुक्यातल्या कॉलेजचा प्राध्यापक, आवाजावरून तरुण आणि उत्साही. त्याला तांबोळी सरांच्या पेपराचा पृष्ठक्रमांक हवा होता, संदर्भसूचीत घालायला. मी विचारलं, तो पेपर मागे घेतलाय हे तुम्हाला माहीत आहे का? पाणी कशात ठेवलं होतं?

"काचेच्याच बाटल्यांत, मॅडम, पद्धतीप्रमाणे," तो म्हणाला. "पण आता काही अडचण नाही. पाणी उत्तम निघालं. कालच गावाने टँकर बंद करून विहीर सुरू केली."